मोठ्या डोक्याचं बाळ

पुण्याच्या एका दुकानदाराने मला फसवलं. डॉक्टरी सामानाचं दुकान, काचेची कपाटं, गोडबोल्या मालक. त्याने मला मोजायची फीत विकली आणि शपथेवर सांगितलं, "विलायती आहे डॉक्टर. खुशाल उकळा, सुताएवढा फरक पडायचा नाही." घासाघीस मी भरपूर केली होती, पण ती भावाची. मापाची नव्हे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीत माझा दवाखाना होता. कारखान्याच्या बांधकामावर जाणारा सोपान आणि त्याची बायको कौसल्या सहा महिन्यांचं पोर घेऊन आले. डोकं चांगलंच मोठं. आळीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकला होता, डोक्यात पाणी झालंय.

पाणी प्रत्येकाच्याच डोक्यात असतं. मेंदूला धक्का बसू नये म्हणून त्याच्याभोवती पातळ थर असतो. काही तान्ह्या मुलांत, विशेषतः मोठ्या डोक्यांच्या घराण्यात, तो जरा जाड असतो आणि मूल चालू-बोलू लागेपर्यंत बहुधा आपोआप बरोबरीला येतो. वाईट ते साठत जाणारं, मेंदूवर दाब आणणारं पाणी. आता ते यंत्रात दिसतं. तेव्हा आमच्याकडे बोटं, टॉर्च आणि फीत.

टाळूला बोट लावलं. मऊ, सपाट. दाब असता तर फुगून टणक लागली असती. खोली अंधारी करून टॉर्च डोक्याला चिकटवला. पाणी फार असलं की डोकं कंदिलासारखं उजळतं. इथे टॉर्चभोवती नुसतं बारीक लाल कडं.

"आमच्या भावकीत समद्यांचीच डोकी अशी हायती," सोपान म्हणाला. "टोपी बसत न्हाई कुनाला."

नव्याकोऱ्या फितीने बाळाचं डोकं मोजून लिहून ठेवलं, मग सोपानचं मुंडासं सोडायला लावून त्याचंही मोजलं. खरंच भलंमोठं.

"वारसा दिसतोय," मी म्हणालो. "पण डोकं किती वेगाने वाढतं ते पाहायला हवं. तीन आठवड्यांनी या."

ते आले. फीत लावली आणि माझं तोंड उतरलं. अर्ध्या इंचाहून जास्त वाढ! तीन आठवड्यांत एवढी होत नाही.

"पुण्याला न्यावं लागेल," मी सांगितलं. "पाठीत सुई घालून पाणी काढतात, हवा भरतात, ती डोक्यात चढली की एक्स-रे."

कौसल्याने पोर छातीशी आवळलं. "एवढ्याशा जिवाच्या पाठीत सुई? वाचंल न्हवं?"

मी पुन्हा बाळाजवळ वाकलो, तर ते पोर माझा स्टेथोस्कोप ओढून खिदळत होतं. टाळू पुन्हा चाचपली. पहिल्यासारखीच मऊ. बोट एक सांगतंय, फीत दुसरंच. माझं टाळकं चक्रावलं.

"सोपान, मुंडासं काढ."

"आता माजं कशापायी, डाक्टर?"

"काढ म्हटलं ना!"

फीत लावली. तिशीतल्या सोपानचं डोकं अर्धा इंच वाढलं होतं.

मी कंपाउंडरकडे वळलो. "भिकाजी, ही फीत उकळतोस?"

"रोज. सुयांबरोबर. तुम्हीच म्हणालात, उकळली तरी चालते."

फीत लोखंडी फूटपट्टीशेजारी ठेवली. बारा इंचांची खूण पट्टीच्या टोकापर्यंत पोचेना. फीत आटली होती. विलायती कसली, साधं सुती कापड! आटलेल्या फितीत इंच जवळ येतात, माप फुगतं. मग बाळाच्या डोक्याभोवती दोरा गुंडाळून तो पट्टीवर धरला. डोकं वाढायला हवं तेवढंच वाढलेलं.

"म्हंजी पानी न्हाई?" कौसल्याने विचारलं.

"आहे की. तुझ्याही डोक्यात आहे, माझ्याही आहे. पाहिजे तेवढंच."

ती रडता रडता हसायला लागली. "मग ह्यांच्या डोस्क्यात काय वाढलं, त्ये बी बगा की येकदा!"

सोपान सगळ्यात मोठ्यांदा हसला. पोर पुढे वेळेवर चाललं, वेळेवर बोललं. टोपी मात्र त्यालाही बसली नाही.

माणूस मोजण्याआधी माप मोजून घ्यावं, एवढं मी शिकलो. फीत घेऊन दुकानात गेलो, तर मालक म्हणतो, "एवढा भाव पाडल्यावर आणखी काय मिळणार, डॉक्टर?"

भाव मी पाडला, कबूल. पण शपथ तुम्ही घेतली होती, मालक. त्या फितीच्या भरवशावर बाळाच्या पाठीत सुई गेली असती, तर कौसल्याला तोंड कुणी दाखवलं असतं? मी की तुम्ही? बोला.