चार बोटं वर

आमचे सासरे हरिहरपंत रेल्वेत ड्राफ्ट्समन होते. कुठलीही गोष्ट मापल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलगी दाखवायच्या दिवशी त्यांनी मला भिंतीशी उभं केलं आणि ‘जावई आमच्या उत्तरेहून चार बोटं उंच’ असं वहीत टिपून ठेवलं. लढाईनंतर कल्याणला लष्करी सामानाचे लिलाव झाले, त्यात त्यांनी होडीला मागे लावायचं एक मशीन उचललं. डोंबिवलीत राहणाऱ्या, पोहता न येणाऱ्या माणसाला ते कशाला हवं, हे सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याचा उपयोग निघाला एक्कावन्न साली, माझ्या लग्नात. आम्ही खाडीपलीकडचे. वऱ्हाड वल्हवत आणणं हरिहरपंतांना पटेना. जावई मशीनवरच येणार म्हणाले. धोंडीबा नाखव्याच्या होडीला मशीन बसवलं, ते पाण्यात किती खाली असावं याचा नकाशा काढला आणि आठवडाभर भरतीच्या पाण्यात एकट्याने चाचणी घेतली. सगळं झकास जमलं.

मुहूर्त पंचमीचा, सकाळी अकरा वीसचा. तोही त्यांनीच पंचांगातून शोधलेला. दहाच्या सुमारास ते स्वतः आम्हाला न्यायला आले. जावयाने ओल्या फळीवर बसू नये म्हणून घरून शिसवी पाट आणला होता, मंगलाष्टकांना नवरा-नवरी उभे राहतात त्या जोडीतला. त्यावर मला बसवलं. आम्ही बारा जण आणि दोन ट्रंका चढल्यावर होडी मागून चांगलीच दबली. अर्ध्या वाटेत मशीनचा पंखा तळाचा चिखल ढवळू लागला आणि मशीन बंद पडलं.

“नकाशाप्रमाणे असं होता कामा नये,” हरिहरपंत म्हणाले.

धोंडीबाने बांबू पाण्यात घातला. जेमतेम हातभर भिजला. “रावसाहेब, पंचमीला या वक्ताला पानी सुकतंच. पंचांग तुमीच बघितला ना?”

हरिहरपंतांचा चेहरा उतरला. तिथीवरून ओहोटी कळते हे खाडीवर कुणीही सांगेल. यांनी त्याच पंचांगात मुहूर्त तेवढा पाहिला होता. इकडे माझ्या भाऊमामांनी घड्याळ काढलं. मुहूर्त टळला तर वऱ्हाड परत नेईन, असं त्यांनी दोनदा ऐकवलं, आणि मामा बोलतात ते करतात. उत्तरा मला मनापासून आवडली होती हो.

“मशीन चार बोटं वर घ्यायला पायजे. जाड फळी हवी,” धोंडीबा म्हणाला आणि त्याची नजर माझ्याखालच्या पाटावर येऊन थांबली.

“जावयाखालचा पाट काढणार?” मामा कडाडले. हरिहरपंत मान खाली घालून बसले. ‘काढ’ म्हणायची त्यांची छाती होईना. मग मीच उठलो.

धोंडीबाने पाट होडीच्या मागच्या फळीला उभा बांधला. हरिहरपंतांनी घाईघाईत त्याच्या कडेवर मशीन चढवलं, तेही जरा जास्तच वर. पंखा अर्धा पाण्याबाहेर येऊन नुसताच ओरडला, आणि सगळी खाडी मामांच्या जरीच्या उपरण्यावर. हरिहरपंतांनी मुकाट्याने धोंडीबाला जागा दिली. त्याने बोटं लावून पाहिली, पाट थोडा खाली घेतला आणि मागचं वजन कमी व्हावं म्हणून आम्हाला ट्रंकांसकट पुढे पिटाळलं. मामा माझ्या आईच्या पायाशी उकिडवे बसले. मशीन कुरकुरत का होईना, चालू लागलं.

बंदराला लागलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मांडव जवळच होता. उत्तरा आपल्या पाटावर उभी, समोरची जागा मात्र मोकळी. हरिहरपंत पाट सोडवून आणायला परत धावत निघाले. मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, वेळ जाईल.”

“माझं चुकलं हो,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस माझ्यासमोर असा उभा राहिला याचं मला फार वाईट वाटलं.

मी जमिनीवरच उभा राहिलो. अंतरपाट दूर झाला, आणि चार बोटं उंचीच्या पाटावरच्या उत्तरेचे डोळे बरोब्बर माझ्या डोळ्यांसमोर आले. सासऱ्यांनी न मापलेलं तेवढं एकच माप अचूक जुळलं होतं.