गोळा सुकेपर्यंत

माझं पोट वाढू लागलं तेव्हा वडनेरच्या बायकांनी मला दिवस गेले असं परस्परच ठरवून टाकलं. मी तेव्हा सत्तेचाळिशीची. घरात थोरल्या सुनेला खरोखरच पाचवा महिना लागला होता, त्यामुळे गावाला चघळायला छान विषय मिळाला. कापूस वेचताना बायका लुगड्याची ओटी बांधतात आणि ती भरली की धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रिकामी करतात. माझी ओटी रिकामी झाली तरी पोट तसंच दिसायचं, आणि ते सगळ्यांच्या नजरेत भरलं होतं.

"सासू-सून संगंच बाळंत होनार काय वं?" एकीने विचारलं.

"हो ना," मी म्हटलं. "तुह्या घरचा पाळना पुसून ठेवजो."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण आतून जळफळाट झाला. अर्धा जन्म ह्यांच्याबरोबर वेचणी केली, माझ्या ओळीच्या पुढे कधी कुणी गेली नाही, आणि आता ह्या माझ्या पोटाची चर्चा करत होत्या.

दिवस गेले असते तर पाळी थांबली असती. माझी थांबायचं नाव घेत नव्हती. आमच्याकडे पाळीत चार दिवस बाहेर बसायचं, घरात शिवायचं नाही. माझं बाहेर बसणं अर्ध्या महिन्यावर गेलं. मी पडवीत आणि पोटुशी सून चुलीपाशी, असा उलटा संसार चालला होता. वावरात गेले तर ओळीच्या मध्यावरच डोळ्यांपुढे अंधारी यायची. शेवटी एक दिवस मी कापसातच आडवी झाले, तेव्हा आमच्या ह्यांनी मला मोटारीत घालून हिंगणघाटला आणि तिथून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी पोट दाबून पाहिलं, आतून तपासलं आणि सांगितलं, "गर्भपिशवीत गाठ आहे. नारळाएवढी. वाईट जातीची दिसत नाही." मग दोन वाटा समजावल्या. पाळी कायमची गेली की अशा गाठी बहुतेक सुकतात. तोवर रक्त वाढायचं औषध घ्यायचं, अंग जपायचं आणि वाट पाहायची. पाळी केव्हा जाईल ते मात्र कुणी सांगू शकत नाही, वर्षात जाईल नाहीतर पाच वर्षं घेईल. दुसरी वाट ऑपरेशनची. पिशवीच काढून टाकायची. त्यात जिवाला धोका आहे, शिवाय आधी अंगात रक्त भरावं लागेल.

"विचार करून सांगा," त्या ह्यांच्याकडे पाहून म्हणाल्या.

घरी मसलत बसली. मसलत म्हणजे काय, तर हे, माझे दीर आणि थोरला मुलगा ओसरीवर, आणि सासूबाई आणि मी दाराच्या आत. पोट माझं आणि बोलणार ते. दिरांनीच तोंड उघडलं.

"हे म्हंजे हात दाखवून अवलक्षन हाय. पिशवी काढल्यावर बाई कामाची राह्यते काय?"

मला राहवलं नाही. आतूनच म्हटलं, "भाऊजी, तुमचे बैल खच्ची केले तं ते कामाचे राह्यले का नाई?"

मुलगा हसू दाबत उठून गोठ्याकडे गेला. हे खाकरले. दिरांचा चेहरा मला दिसत नव्हता ते बरंच झालं.

पण खरं सांगते, तोंड चालत असलं तरी मला भीती वाटत होती. टेबलावरच मेले तर? सुनेचं बाळंतपण कोण करणार? वाट पाहणं काही चुकीचं नव्हतं, डॉक्टरीणबाईच तसं म्हणाल्या होत्या. त्या संध्याकाळी माझं मन थांबण्याकडेच कललं होतं.

दीर पुन्हा म्हणाले, "मायलेबी असंच झालं होतं मनते. आजच सांगत होती. घरीच सुकलं, कोनता दवाखाना केला नाई. बरी झाली."

तेव्हा सासूबाई उठल्या. सत्तरी उलटलेली बाई, मुलांसमोरही डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. त्या उंबरठ्यापर्यंत गेल्या.

"मी बरी नाई झाली," त्या म्हणाल्या. "मी फकत वाचली."

माझ्या सासूबाईंना गाव 'बसकी' म्हणत असे. वयात असताना ही बाई वावरात जात नव्हती, ओसरीवर बसून असायची, असं म्हणत. माझ्या लग्नात बायकांनी तिच्यावर गाणं केलं होतं, वरमाय बसली ती उठेचना म्हणून. सासरेसुद्धा चारचौघांत तिच्या आळसाच्या गोष्टी चवीने सांगायचे.

"वावरात गेली तं लुगडं भरून जाये, मनून जात नव्हती," सासूबाई सांगत होत्या. "उजाडाच्या आंधी नाल्यावर धुनं नेवो. कोनाले सांगू? तुमच्या बापाले मी आळशी दिसली, गावालेबी आळशीच दिसली. सुकलं, हो, सुकलं. पन ते सुके तवर माह्या अंगात काई राह्यलं नव्हतं."

मग त्या आत आल्या, माझा हात धरला आणि लुगड्यावरूनच आपल्या पोटावर दाबला. बेंबीखाली लिंबाएवढं काहीतरी टणक होतं.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. या बाईचं जळत होतं आणि गाव त्यावर गाणी रचत होतं. मला इतका संताप आला की भीती कुठच्या कुठे गेली. ज्या बाईच्या अंगात रक्त आहे तिने खुशाल वाट पाहावी. माझ्या अंगात नव्हतं, आणि बसून घालवायला मला वर्षं नको होती. मी ओसरीवर ऐकू जाईल असं म्हटलं, "मी काढनार. वाट पाह्यची तं कापसाची पाहीन, याची नाई."

दीर काही बोलायला गेले, पण हे म्हणाले, "तिनं सांगतलं ना? झालं मंग." त्यांनी आपलं रक्तही दिलं. पुढे मी चिडले की म्हणायचे, हे माझंच रक्त तापलंय.

वर्ध्याला सासूबाई हट्टाने आल्या. जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसल्या आणि सगळ्या रस्ताभर ओकल्या. ऑपरेशन पार पडलं. मला जरा हुशारी आल्यावर डॉक्टरीणबाई काचेच्या बरणीत तो गोळा घेऊन आल्या. ह्यांनी तोंड फिरवलं आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. सासूबाईंनी बरणी दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाकडे धरून फिरवून फिरवून पाहिली.

"माह्या पोटातबी असंच होतं काय?"

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रिकाम्या खाटेवर निजवून पोट चाचपलं. "हो आजी," त्या म्हणाल्या. "असंच होतं. आता सुकलंय. फार रक्त गेलं असेल तुमचं."

सासूबाई उठून बसल्या. पदर सारखा केला. ऑपरेशनचा निर्णय मी घेतला याचा मला अभिमान आहेच, पण त्या घटकेला त्या बाईची सून असल्याचा मला जो अभिमान वाटला तो त्याहून मोठा होता. वॉर्डातली एकही बाई त्यांच्या ओळखीची नव्हती. तरी त्या सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, "आयकलं काय बायाहो? मी आळशी नव्हती."

टाके ओढत होते तरी मी कोपरावर उठले. "आत्याबाई, आनखी एकडाव सांगा," मी म्हटलं. "तुमचा लेक दारात उभा हाय."

त्यांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने.