मावशी आणि भिंतीवरची चित्रं

माझ्या मावशीनं आयुष्यात एकही चित्र नुसतं बघितलेलं नाही. आपण चित्रासमोरून जातो, फार तर 'छान आहे' म्हणतो. मावशी थांबते, पदर खोचते आणि शेजारच्या घरात शिरावं तशी चित्रात शिरून चौकशी सुरू करते. चित्रात माणसं नसली तर जास्तच. ती कुठं गेली, कशापायी गेली, जाताना भांडून गेली काय, हे तिला कळायलाच हवं असतं. वडगावात तिच्या घरी यंत्रमाग होते. दिवसभर खडखडाट, काकांशी बोलायचं तर ओरडावं लागे. चित्रं गप्प असतात म्हणून हिला त्यांच्याशी बोलायची सवय लागली, असं काका म्हणायचे. तेही ओरडूनच म्हणायचे.

एकदा दाढ काढायला मी तिला बेळगावात दातांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं. बाहेरच्या खोलीत नदीकाठी लागलेल्या होडीचं चित्र होतं. गाल दाबून कण्हणारी मावशी ते बघताच कण्हायची थांबली. "होडी हाय, पर वल्हं न्हाय. कोण तर गडबडीनं उतरून गेलंय गं. काय झालं असंल?" तिचा नंबर पुकारला तरी ती जागची हलेना. शेवटी डॉक्टर स्वतः बाहेर आले. "आजी, सोफ्याच्या रंगाला जुळतंय म्हणून लावलंय ते," त्यांनी सांगितलं. मावशीनं त्यांच्याकडं इतक्या कळवळ्यानं पाहिलं, जणू दाढ त्यांचीच दुखत असावी. हातात मोबाईल आल्यापासून तर सगळ्या नातेवाइकांची सकाळ धोक्यात आली. कुणी गुलाबाशेजारी वाफाळत्या चहाचा कप ठेवलेलं 'शुभ सकाळ' पाठवलं, की हिचा लगेच फोन जायचा, "कप एकच का गं? घरात समदं बरं हाय न्हवं?" सांबऱ्याच्या एका वहिनींनी घाबरून दोन कपांचं चित्र शोधून काढलं. तर ही म्हणाली, "एकातला चहा निवलाय बघ."

यातलं एकही निदान कधी खरं निघालं नाही. पण तिनं ते करणं सोडलं नाही, आणि आमच्या घरात सगळ्यांत जास्त वेळा सांगितली जाणारी हकिकत यातूनच घडली. माझ्यासाठी निपाणीचं स्थळ आलं होतं. मुलगा मला पसंत होता, मी त्याला. घर बघायला म्हणून आम्ही निघालो, तेव्हा आईनं बसमध्येच तिला बजावलं, "आक्का, तिथं भिंतीकडं बघू नको." मावशीनं सबंध प्रवासभर मान डोलावली. पण त्या घरात समोरच्याच भिंतीवर मुलाच्या वडिलांनी स्वतः काढलेलं चित्र होतं. अंगण, अंगणात दोन खुर्च्या, एक आपल्याकडं तोंड केलेली, दुसरी पाठमोरी. पोहे आले. मावशीनं बशी हातात घेतली आणि तशीच धरून बसली. मग मुलाच्या वडिलांना म्हणाली, "अण्णा, ह्या घरात कोण रुसलंय?"

आईचा चमचा बशीत पडला. मुलगा छताकडं बघायला लागला. गेलं हे स्थळ, असं म्हणून मी डोळे मिटून घेतले. मुलाचे वडील मोजकं बोलणारे. त्यांनी चित्राकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "रुसलं कोण न्हाय हो. एक खुर्ची कशीबशी जमली. दुसरीचं पुढचं पाय काय जमंनात, म्हणून फिरवली."

मग स्वयंपाकघराच्या दारातून मुलाची आई एकदम हसायला लागली. "आणि मला सांगितलासा, त्यात लई खोल अर्थ हाय म्हणून! इतकी वर्सं मी पावण्यांस्नी तेच सांगत बसली!" त्या हसताना भिंतीला टेकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांच्यामागून सगळेच हसलो. पोहे संपायच्या आत लग्न ठरलं. परतताना मावशी मात्र खिडकीबाहेर बघत पुटपुटत होती, "ते पाय जमंनात म्हणत्यात. पर मला काय पटलं न्हाय."

त्याला बरीच वर्षं झाली. काका गेले, माग विकले गेले, मावशी पिरनवाडीला आपल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. गेल्या वर्षी माझ्या सासूबाई थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेल्या. मामंजी आधीच कमी बोलायचे, आता 'हं'वर आले. सासूबाईंचा विषय निघाला की उठून परसात जायचे. आम्ही डॉक्टर केले, नातवंडांना त्यांच्यापाशी बसवलं, काही उपयोग झाला नाही. पुष्कळ दिवसांनी त्यांनी रंग बाहेर काढले तेव्हा आम्हाला बरं वाटलं. चित्र पुरं झालं तेव्हा मी आणि नवरा बघायला गेलो. परसातली कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर काहीच नव्हतं.

मी मावशीला फोन केला. दुसऱ्याच दिवशी ती गुडघे धरत बसमधून उतरली. घरात आल्या आल्या चित्रापुढं जाऊन उभी राहिली. मामंजी खुर्चीत होते. आता ही काय बोलणार, या धास्तीनं मी दारातच थांबले. मावशी खूप वेळ बघत राहिली. पदर खोचला नाही, काही विचारलं नाही. मग हळूच वळून मामंजींच्या समोर जमिनीवर बसली.

"अण्णा," ती म्हणाली, "वैनी चहात आलं किसून घालायच्या का ठेचून?"

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. आता उठून जातील असं मला वाटलं. आयुष्यभर त्यांनी सासूबाईंना 'अगं' एवढीच हाक मारली होती, त्यांचं नाव मामंजींच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

"ठेचून," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आमची शालन लई ठेचायची. तिखटजाळ चहा व्हायचा." आणि ते बोलतच राहिले.