ठिपक्यासोबत घरी

लिडिया टीचरांना वेड लागलंय, ही बातमी गास गावात पहिल्यांदा रिटाने पसरवली. रिटा त्यांची शेजारीण. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सेला जाणारी, आणि येताना साऱ्या आळीची हजेरी घेत येणारी. तिने पाहिलं ते असं, की टीचर हातात फोन धरून चर्चच्या फाटकापासून निघतात, जरा चालतात, थांबतात, फोनकडे बघतात, पुन्हा चालू लागतात. वर भर रस्त्यात उभ्या राहून म्हणतात, "चल रे आता, सिग्नल सुटला असेल." आता गासात सिग्नल कुठून आणायचा, सांगा!

वेड नव्हतं ते. म्हणजे होतं, पण शहाण्या माणसाचं.

नवरा, गॉडफ्रे सर, गेले तेव्हापासून त्या मोठ्या घरात टीचर एकट्याच. मुलगा ॲलिस्टर कॅनडात, पार पश्चिमेच्या टोकाला. जाताना त्याने त्यांच्या फोनमधल्या नकाशावर एक सोय करून दिली. त्याचा फोटो असलेला एवढासा ठिपका. तो जिथे जाईल तिथे ठिपका जाणार. "तुझ्या जिवाला घोर लागतो ना? मग बघत बस," असं म्हणून पोरगं विमानात बसलं. पुढे रविवारी फोन यायचा तोही उभ्या उभ्या. बरा आहे, काम आहे, मित्रांबरोबर जेवायला चाललोय, ठेवतो.

आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिथे आदली संध्याकाळ असते. टीचर चहा घेऊन ओटीवर बसायच्या तेव्हा ठिपका कामावरून घरी निघालेला असायचा. नदीवरचा पूल, मग डावीकडे, मग पावाचं दुकान, मग घर. नुसतं बघून बघून कंटाळा आला, आणि एके दिवशी त्यांच्यातली चित्रकलेची शिक्षिका जागी झाली. त्यांनी बटर पेपर आणला, तो फोनवर ठेवून ती वाट गिरवून घेतली, आणि गासात तशीच वळणं कुठे सापडतात ते धुंडाळायला निघाल्या. हुबेहूब कशी सापडणार? पण चर्चचं फाटक झालं त्याची कामाची जागा, ओहोळावरची मोरी झाली पूल, वळणावरची बेकरी झाली पावाचं दुकान, आणि त्याच्या घराच्या जागी आलं यांचं घर. मग नियम ठरला. तो निघाला की आपण निघायचं, तो थांबला की थांबायचं, तो वळला की वळायचं.

हसू नका. रोज सकाळी त्या पोराला चालवत घरी आणून सोडायच्या त्या. वाटेत बोलायच्यासुद्धा त्याच्याशी, भाजीवाडीतला लाल माठ कसा वाढलाय ते दाखवायच्या. ॲलिस्टरला मात्र यातलं काही सांगितलं नव्हतं. पाळत ठेवतेस का माझ्यावर, असं म्हणून त्याने तो ठिपका बंद केला तर? मग सकाळी उठायचं कशासाठी, हे टीचरांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

आणि एका सकाळी ठिपका पूल ओलांडून डावीकडे वळलाच नाही. उजवीकडे गेला. टीचरही उजवीकडे वळल्या, नि गावातल्याच स्टॅनीच्या वाडीत शिरून बावखलाच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. पुढे गोड्या पाण्याचं ते जुनं तळं, वाटच नाही. ठिपकाही थांबला होता. नकाशा मोठा करून पाहिला तर इस्पितळ! फोन करावा तर चोरी पकडली जाणार. पण पोटच्या पोरापुढे कसली चोरी नि कसलं काय. त्यांनी फोन लावला.

"मम्मी? मी घरीच आहे. झालं काय?"

"घरी कसा? तू इस्पितळात आहेस. मला दिसतोयस!"

ॲलिस्टरला उमजायला वेळ लागला. इस्पितळात होता त्याच्या घरात भाड्याने राहणारा दुसरा मुलगा. हॉटेलात भांडी घासताना काच लागून त्याचा हात कापला होता. "त्याचा फोन बिघडला होता, म्हणून हिवाळ्यात माझा जुना दिला मी त्याला. खातं माझंच राहिलं बहुतेक. सॉरी मम्मी. आता नीट करतो."

म्हणजे हिवाळ्यापासून टीचर भलत्याच कुणाच्या पोराला घरी आणून सोडत होत्या! त्या बावखलाच्या काठावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. त्या परक्या मुलावर नकळत नजर ठेवली म्हणून मनातल्या मनात त्याची माफीही मागून टाकली.

ॲलिस्टरने सांगितल्याप्रमाणे सारं नीट केलं. दुसऱ्या दिवशी टीचर चपला घालून तयार. ठिपका घरात. वाट बघून बघून चहा निवला, ठिपका घरातच. त्याच्या दुसऱ्या दिवशी तेच. शनिवारी तेच, रविवारीही तेच. मेलं यंत्रच बिघडलं, म्हणाल्या. मग ॲलिस्टरचा फोन आला.

"आज काय केलंस रे?"

"मित्रांबरोबर समुद्रावर गेलो होतो. मजा आली."

"खोटं बोलू नकोस, ॲलिस्टर. तू उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलेलं नाहीस."

टीचरांना वाटलं, आता चिडणार, आता ठिपका बंद करणार. पण त्याचा आवाज आला तो पार खाली बसलेला.

"मित्र नाहीत गं मम्मी. काम घरूनच असतं. जेवण दारात येतं. मी शेवटचा खाली कधी उतरलो ते आठवतसुद्धा नाही मला."

इतके दिवस एकटं कोण, तर आपण, असं धरून बसलेल्या त्या बाईच्या काळजात चर्र झालं. पण रडल्या नाहीत. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारा तो जुना आवाज बाहेर काढला.

"ऊठ. बूट घाल."

"आता? कुठे जाऊ? मला इथलं काही माहीत नाही."

"मला आहे. दारातून बाहेर पड आणि उजवीकडे वळ. सरळ चालत जा. वळणाच्या आधी पावाचं दुकान लागेल."

"तुला काय माहीत?"

"रोज जाते मी तिथून."

जिन्यावर बूट वाजले. दार उघडल्याचं ऐकू आलं, मग वारा, मग एक गाडी. टीचरही दारातून उजवीकडे वळून आळीतून चालू लागल्या होत्या.

"मम्मी," तो हळूच म्हणाला, "दुकान आहे गं इथे. आत माणसं आहेत."

"मग जा ना आत."

"जातो. तू फोन ठेवू नकोस हं."