नखांवरची कानस

थोरल्या जावेचं किल्ल्यांचं दुकान आणि धाकटीचं ब्यूटी पार्लर, मध्ये एकच भिंत. भिंत पातळ आणि जिभा दोघींच्याही तिखट. थोरली किल्लीवर कानस चालवायला लागली की पलीकडून ओरडा यायचा, "जाऊबाई, माझ्या गिऱ्हाइकांचे दात आंबतात हो!"

"मग दातांचंही फेशियल कर!" थोरलीचा हात काही थांबायचा नाही.

तर ही धाकटी लघवीच्या जळजळीवर नुसतं पाणी पीत दिवस ढकलत राहिली. होईल बरं, होईल बरं करता करता जंतू रक्तात पसरले, प्रेशर धाडकन खाली आलं आणि बाई थेट आयसीयूत! धाकटीचा नवरा बिचारा बाहेरच्या बाकावर हातपाय गाळून बसलेला. आत गेली ती थोरली.

गेल्या गेल्या सिस्टरने गाठलं. "यांची नखं उघडी करायचीत. हे जांभळं जेलपॉलिश निघता निघत नाही. रिमूव्हर नको, तो पेट घेतो आणि इथे ऑक्सिजन चालू आहे. घासून काढायला कुणी आहे का?"

"जन्म गेला माझा घासण्यात. आणा इकडे." सिस्टरने नखांची मऊ कानस हातात ठेवली. थोरलीने ती उलटीसुलटी करून बघितली. "हे खेळणं आहे होय?" पण बसली.

नखांचं एवढं काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पंपातून जाणारं औषध रक्तवाहिन्या आवळून धरतं, त्यावरच प्रेशर टिकलंय. डोस फार वाढवावा लागलाय. एवढ्या डोसला बोटांच्या टोकांना रक्त कमी पडू शकतं, म्हणून रंग सारखा बघायला हवा.

धाग्याने भुवया कोरणारी बोटं ती! "अहो, मग कमी करा की डोस!"

"आत्ता केला तर बोटं राहतील, बाई राहणार नाही."

थोरली कानस चालवायला लागली. मग बेशुद्ध जावेवरच डाफरली, "किती थर गं हे! नखं रंगवलीस की दरवाजा?"

थर उतरले आणि खालून नखं निघाली निळसर. सिस्टरने एक दाबून सोडलं. रंग परतता परतेना. डॉक्टरीणबाईंनी लगेच जोडीला दुसरं औषध लावलं, म्हणजे दोघांनी मिळून प्रेशर धरायचं आणि पहिल्याचा डोस उतरवायचा. उतरवायचा तोही चिमूटचिमूट, एक डोळा मॉनिटरवर ठेवून. एकदम काढला असता तर प्रेशर कोसळलं असतं.

अँटिबायोटिक लागू पडलं. नखांवर गुलाबी झाक दिसताच थोरलीला हुरूप आला. "सिस्टर, अजून थोडं उतरवा ना!"

"मी येते का दुकानात, किल्ली किती घासायची ते सांगायला?"

थोरलीने आपली खुर्ची मॉनिटरपासून दोन हात मागे ओढली.

नऊ बोटं सुधारली. डाव्या करंगळीचं टोक मात्र काळं पडलं ते पडलंच. घशातली नळी निघाल्यावर धाकटी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "माझी नखं कुणी खाल्ली?"

"मी." एवढं बोलून थोरली भिंतीकडे वळली, पदराने नाक पुसलं आणि परत फिरून जळजळ लपवल्याबद्दल तिला असं काही झापलं की सिस्टरच म्हणाली, "अहो, हळू!"

धाकटी घरी आली तरी पार्लरचं शटर काही उघडेना. बोटं बधिर, धाग्याचा ताणच कळेना. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर कोण प्रयोग करणार? शेवटी थोरलीने आपल्या दुकानाचं शटर ओढून घेतलं, धाकटीचं शटर स्वतःच वर ढकललं आणि पार्लरच्या खुर्चीत जाऊन टेकली.

"कर."

"जाऊबाई, अर्धी भुवई उडाली तर?"

"उडू दे. बघतंय कोण?"

"भाऊजी बघतील ना!"

"ते चष्मा लावूनसुद्धा पेपरच बघतात. कर गं!"

धाकटीने धागा दातात धरला, बोटांवर ओढला. एकदा निसटला, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा थोरली केवढ्याने किंचाळली!

"दुखलं?"

"मेले गं!"

"मग बरोबर लागला." धाकटीने तिची हनुवटी वर केली. "हलू नका, अजून दुसरी राहिलीय."