ठोंबऱ्यांची आपोआप पळणारी गाडी

"मॅडम, ही चावी. गाडी ठेवून घ्या. मला नको."

मधुकर ठोंबरे यांनी चावी माझ्या टेबलावर आपटली. त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी सुमनताई उभ्या होत्या. त्यांच्या उजव्या मनगटाला प्लास्टर होतं.

"काय झालं?" मी विचारलं. उत्तर मला पाठ होतं.

"तेच. आपोआप पळाली. मी रेसवर पाय ठेवलेला नाय. देवाशपथ नाय."

खालापूरजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर आहे. म्हणजे ग्राहक आणि मेकॅनिक यांच्यामधली दुभाषी. ग्राहक म्हणतो, गाडी कुईकुई करते. मी मेकॅनिकला सांगते, पुढचे ब्रेक पॅड बघ. निम्मा दिवस ऐकण्यात जातो आणि उरलेला निम्मा, जे ऐकलं ते दुसऱ्याला पटवण्यात.

ठोंबरे यांची पळसदरीला रोपांची नर्सरी आहे. आंबा, चिकू, शोभेची झाडं. शनिवार-रविवारी येणारे मुंबईकर गाडीच्या डिकीत झाडं भरून नेतात. बरीच वर्षं जुनी गाडी चालवल्यावर त्यांनी आमच्या शोरूममधून नवी ऑटोमॅटिक घेतली होती. ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नाही. गिअर गाडी स्वतःच बदलते. मुलगी खारघरला दिली आहे, तिच्याकडे जाता-येता आराम पडावा म्हणून घेतली. आराम तर राहिला बाजूला, नवराबायकोचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

पहिल्यांदा ते ही तक्रार घेऊन आले तेव्हा आमचा सीनियर मेकॅनिक फैयाज खाली वाकला आणि हसतच उठला. ड्रायव्हरच्या पायाखाली दोन मॅट होत्या. कंपनीची मॅट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर बाजारातली आणखी एक टाकलेली. वरची मॅट सरकते, पेडलखाली किंवा पेडलवर अडकते आणि रेस दाबलेली राहते. असे अपघात खरोखर होतात. आम्ही वरची मॅट काढून त्यांच्या हातात दिली, समजावून सांगितलं. सगळे खूश.

थोड्याच दिवसांत ते परत आले. मॅट नव्हती, तरी गाडी पळाली होती. या वेळी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारं यंत्र. बिघाड झाला की त्याची नोंद तिथे सापडते. नोंद काहीच नव्हती. रेसच्या पेडलचा सेन्सर ठीक, थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, ठीक, वायरिंग ठीक. फैयाजने गाडी कर्जत, चौक, दहिवली अशी सगळीकडे फिरवून आणली. गाडी गरीब गाईसारखी चालली. जॉब कार्डवर 'दोष आढळला नाही' असं लिहून गाडी परत गेली.

त्याच जॉब कार्डवर दुसरीही एक तक्रार होती. स्टेअरिंगवरचं आवाजाचं बटण कधीच चालत नाही. तेही तपासलं होतं. उत्तम चालत होतं.

आणि आता ही तिसरी खेप. सोबत प्लास्टर.

"कुठे झालं?" मी विचारलं.

"आमच्याच रस्त्याला. पळसदरीच्या अलीकडं. रविवार हाय, धरणाकडं जाणारी माणसं रस्त्यानं चाललेली. मी निवांत चाललोय, आन् एकदम इंजिन ओरडलं. मी ब्रेक दाबला, स्टेअरिंग वळवलं, गाडी गेली कुंपणात. कडेला दोन पोरं कणीस खात उभी व्हती मॅडम." त्यांनी सुमनताईंच्या प्लास्टरकडे पाहिलं. "त्यांच्या आईनं त्यांना ओढलं. मी नाय वाचवली. तिनं वाचवली."

ते खुर्चीत बसले. इतका वेळ मला त्यांचा राग येत होता, तो तिथे संपला.

मी आमच्या वर्क्स मॅनेजरांकडे, देशमुख सरांकडे गेले.

"पेडल चुकलं असणार," सर कॉम्प्युटरवरून नजर न हलवता म्हणाले. "ब्रेकऐवजी रेस दाबली. या वयात होतं. दोष आढळला नाही असं लिही आणि बम्परचं एस्टिमेट दे."

"सर, चुकून रेस दाबणारा माणूस घाबरून आणखी जोरात दाबतो. ठोंबरे तर म्हणतात, ब्रेक दाबल्याबरोबर गाडीचा जोर गेला. तिन्ही वेळा."

"मग भूत आहे का?"

"मला त्यांच्यासोबत एक फेरी मारू द्या. गाडी तेच चालवतील."

"मागच्या वेळी फैयाजने चालवली की."

"फैयाजने चालवली, तेच तर म्हणतेय. प्रत्येक वेळी आपला माणूस चालवतो. गाडी पळते ती त्यांच्या हातात."

सरांनी मोठा उसासा टाकला. "इन्शुरन्स, लायसन्स सगळं बघून घे. आणि काही झालं तर मला फोन करू नकोस."

पुढची अडचण ठोंबरे स्वतः होते. बम्पर बदलून झाला तरी ते स्टेअरिंगला हात लावायला तयार नव्हते. नर्सरीतून रोज फोन. "मॅडम, तुमी इंजिन बदलून द्या." मी म्हणायची, "इंजिनाला काही झालेलं नाही." "मग गाडी बदलून द्या." "दोष सापडल्याशिवाय कंपनी गाडी बदलत नाही." "म्हंजे माणूस मेला की सापडंल का?" शेवटी त्यांच्या जावयाला फोन लावला. जावई मोहोपाड्याच्या एका केमिकल कंपनीत इंजिनिअर. तो म्हणाला, "मॅडम, मी ती गाडी कितीतरी वेळा चालवली आहे. ए-वन आहे. बाबा उगाच घाबरतात." मी कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "तुमचे सासरे घाबरले आहेत हे मला माहीत आहे. कशाला, ते शोधायचंय. त्यांना एकदा गाडीत बसवा."

मधल्या काळात मी तिन्ही प्रसंग पुन्हा विचारून घेतले. कुठून येत होतात? खारघरहून. तिन्ही वेळा? तिन्ही वेळा. नर्सरीतून कर्जतच्या बाजारात जाताना कधी झालं? कधीच नाही. मग नेहमीच्या रस्त्याने शोधण्यात अर्थच नव्हता. आम्ही खारघरहूनच निघायचं ठरवलं. जावयाने सासऱ्यांना कसंबसं तयार केलं आणि गाडी तिकडे नेऊन ठेवली.

सकाळी निघालो. ठोंबरे स्टेअरिंगवर, मी शेजारी, सुमनताई मागे.

"ताई, तुमी म्होरं बसू नका हो," सुमनताई म्हणाल्या. "मी बसले तर बगा काय झालं."

"मी पट्टा लावलाय."

"पट्टा मीबी लावलेला."

एक्सप्रेसवेला लागल्यावर ठोंबरे जरा सैलावले. उजव्या अंगठ्याने त्यांनी स्टेअरिंगवरची दोन बटणं दाबली. मीटरमध्ये ऐंशीचा आकडा आला आणि त्यांनी दोन्ही पाय पेडलपासून मागे ओढून सीटखाली घेतले.

"हे काय?"

"क्रूझ. जावयानं शिकवलंय. वेग एकदा सेट केला की रेस द्यावी लागत नाय. गाडी आपली ऐंशीनं जाते."

क्रूझ कंट्रोल म्हणजे बरोबर हेच. पण त्यांनी पाय जिथे घेतले होते ते पाहून मी जवळजवळ ओरडलेच. "पाय पुढे! ब्रेकजवळ ठेवा. समोरच्या गाडीने ब्रेक दाबला तर पाय शोधायला खाली बघणार का?"

"जावई तर मांडी घालून बसतो."

जावयाला काय सांगायचं ते मी मनात नोंदवून ठेवलं.

खालापूरला आम्ही एक्सप्रेसवे सोडला. टोलपाशी त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पुन्हा निघाली. खोपोली मागे टाकून पळसदरीच्या रस्त्याला लागलो. आता वेग क्रूझच्या हाती नव्हता. पाय रेसवर, वेग चाळीस-पंचेचाळीस. रस्ता रिकामा होता. मी त्यांच्या पायांवर नजर खिळवून बसले होते. पाय अगदी बरोबर चालत होते. मला वाटलं, संपलं. आजही काही होणार नाही आणि देशमुख सर आठवडाभर मला भुताबद्दल विचारत राहतील.

"आज नाय पळणार," मागून सुमनताई म्हणाल्या. "आज गाणीच नाय लावली."

"म्हणजे?"

"अवो, यांच्या आवडीचं गाणं लागलं ना, का पळते गाडी. मी पैल्यापासून सांगतेय. ऐकतंय कोण."

"कायबी बोलते," ठोंबरे चिडले. "गाण्यानं गाडी पळते का गं?"

मी हात पुढे करून रेडिओ लावला. जाहिराती झाल्या, बातम्या झाल्या, मग एक जुनं गाणं लागलं. ठोंबऱ्यांचा चेहरा खुलला. ते गुणगुणू लागले. मी या वेळी पाय सोडून हात बघत होते. त्यांचा उजवा अंगठा सरकला आणि अधिकचं चिन्ह असलेल्या बटणावर दाबला गेला.

इंजिन ओरडलं. गाडीने अशी उडी घेतली की माझं डोकं मागे आपटलं.

"ब्रेक!"

ब्रेक लागला. गाडी कडेला थांबली. सुमनताई रामाचं नाव घेत होत्या. आणि ठोंबरे माझ्याकडे बघून, घामाघूम, जवळजवळ आनंदाने ओरडत होते.

"बगितलं? बगितलं ना? पाय नव्हता माझा! आता लिवा तुमच्या कार्डावर!"

"ठोंबरेकाका, तुमचा अंगठा कुठे आहे?"

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. "आवाजाच्या बटणावर."

"ते आवाजाचं बटण नाही."

"आवाजाचंच हाय. अधिक केलं की आवाज वाढायला पायजे."

"या गाडीत आवाजाचं बटण डाव्या हाताला आहे."

"आमच्या गाडीत उजव्याच हाताला हाय."

"तुमच्या जुन्या गाडीत."

त्यांनी अंगठा उचलला. मग हळूच डाव्या बाजूचं बटण दाबून पाहिलं. गाण्याचा आवाज वाढला. त्यांनी घाईघाईने तो कमी केला.

झालं होतं ते असं. एक्सप्रेसवेवर ते क्रूझ ऐंशीला सेट करत. ब्रेक दाबला की क्रूझ सुटतं, पण बंद होत नाही. ते ऐंशीचा आकडा लक्षात ठेवून वाट बघत बसतं. मीटरमध्ये त्याचा छोटा दिवा जळत राहतो. अधिकचं बटण म्हणजे 'मघाचा वेग परत घे'. गाडी साधारण चाळीसच्या पुढे असली की हा हुकूम ती पाळते. रस्त्यावर कोण उभं आहे हे तिला दिसत नाही. त्यांच्या गाडीत समोरच्या वाहनाचं अंतर मोजणारा रडार नव्हता. आमच्या टेस्ट ड्राइव्हला काही घडलं नाही, कारण आम्ही क्रूझ लावलंच नव्हतं. लक्षात ठेवायला गाडीकडे आकडाच नव्हता. इंजिन बंद केलं की तो आकडा पुसला जातो, त्यामुळे कर्जतच्या बाजारात जाताना तेच बटण दाबलं तरी काहीच होत नसे, आणि म्हणून आवाजाचं बटण 'कधीच चालत नाही' ही तक्रार. दोन तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्या गेल्या होत्या. दोष एकच होता.

"हा दिवा कसला आहे, कधी विचारलंत का?" मी मीटरकडे बोट दाखवलं.

"नवी गाडी हाय. दिवे असणारच की."

तिथेच एका रिकाम्या मैदानात गाडी घेऊन मी त्यांना तीन गोष्टी पुन्हा पुन्हा करायला लावल्या. क्रूझचं मुख्य बटण कोणतं, ते टोलच्या आधी बंद कसं करायचं, दिवा गेला की नाही हे कसं बघायचं. पाऊस असेल, घाट असेल, गर्दी असेल तर क्रूझला हात लावायचा नाही. ओल्या रस्त्यावर चाकं घसरली तरी क्रूझ रेस देत राहू शकतं. पाय कायम ब्रेकजवळ. आणि जावयाची मांडी बंद.

"ते बटणच काढून टाका ना," ते म्हणाले.

"काढता येत नाही."

"मग मला गाडी देताना कोणी सांगितलं का नाय?"

हा प्रश्न मी वर्कशॉपला परत आल्यावर देशमुख सरांसमोर ठेवला. त्याआधी सगळं ऐकून ते सुटल्यासारखे हसले होते. "म्हणजे गाडीत दोष नाही! ग्राहकाला समजावलं असं लिही आणि क्लोज कर."

"सर, शोरूममध्ये त्यांना हार घातला, फोटो काढला, रिबिन कापली. बटणं कोणी दाखवली?"

"मॅन्युअल दिलंय की."

"चारशे पानी. इंग्रजीत. तुम्ही तुमच्या गाडीचं वाचलंत?"

सरांनी वाचलं नव्हतं. ते त्यांनी कबूल केलं नाही, पण शोरूमच्या मॅनेजरला फोन लावला. बरीच खडाजंगी झाली. सेल्सवाल्यांचं म्हणणं, ग्राहकाला मुहूर्त गाठायचा असतो, तो थांबत नाही. अखेर ठरलं की गाडी देताना आमच्यापैकी एक जण शेजारी बसून एक फेरी मारेल, आणि जुन्या गाडीत कोणतं बटण कुठे होतं ते आधी विचारेल. निम्मे ग्राहक अजूनही घड्याळाकडे बघत "सगळं येतं हो" म्हणतात. मी तरीही बसते.

सुमनताईंचं प्लास्टर निघालं. त्या रविवारच्या मुलांच्या आईला शोधून ठोंबरे भेटून आले, असं सुमनताईंनीच मला सांगितलं.

पुढच्या सर्व्हिसिंगला ते आले तेव्हा मी जॉब कार्ड उघडून विचारलं, "काही तक्रार?"

"नाय. गाडी सुधारली बगा मॅडम आता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीर होते. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी तक्रारीच्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि ऑइल बदलायला गाडी आत पाठवली.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकले. गाडीने काहीतरी आपोआप केलं असं कोणी म्हणालं, तर तो माणूस खोटं बोलत नसतो आणि गाडीही नसते. बॉनेट नंतर उघडावं. आधी त्याच्या शेजारी बसून तो हात कुठे ठेवतो ते बघावं.