गढीवर शंभर पाट्या

ज्ञानूआबा आणि मी तीस वर्षं एकाच टोळीत माती उपसली. पाझर तलाव, कालवे, रस्ते. आबांच्या खड्ड्याच्या कडा इतक्या सरळ की मोजायला आलेला साहेब टेप खिशातच ठेवायचा. आता आबांचे गुडघे गेलेत. तरी कुणी फावडं चुकीचं धरलं की आबा रस्त्यात थांबतात.

वरकुट्याजवळ आमच्या वस्तीमागं गढी आहे. म्हणजे मातीचा एक उंचवटा आणि भोवती बुजत आलेला खंदक. वरचा वाडा कधीच गेला. गढीची पांढरी माती धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, घातली की घर गळत नाही, म्हणून गाव ती पिढ्यान्‌पिढ्या खणत आलं.

परवा सरपंच इंद्रजितनं तिथं जेसीबी आणला. गढी सपाट करून क्रिकेटचं मैदान करायचं. आबा यंत्रापुढं उभे राहिले.

"आबा, सरका. निम्मी गढी तर तुमीच खणून नेली."

"नेली. चुकलं. पर ही माती माणसांनी खंदकातनं डोक्यावर वर नेलीया. तू शंभर पाट्या वर ने. मग मीच मशिनीपुढं नारळ फोडतो."

"शंभरच?" इंद्रजित हसला. रोज व्यायामशाळेत जाणारा गडी. "न्हाय जमलं तर मशीन माघारी."

सगळ्या वस्तीनं ऐकलं.

पहिल्या तीन पाट्या त्यानं पळत नेल्या. तिथंच चुकलं. जाणता माणूस पहिली पाटीसुद्धा शंभराव्या पाटीच्या चालीनं नेतो. सहाव्या पाटीला डोक्यावरची चुंबळ घसरली. नववी पाटी हलकी दिसली.

"ही पाटी न्हाय, रांगोळी हाय," आबा म्हणाले. "भर."

जेसीबीचा चालक लखन म्हणाला, "सरपंच, मशीन बंद करू का? डिझेल जळतंय."

इंद्रजित पाटी भरत राहिला. अकरावी पाटी वर ओतली आणि तिथंच बसला. उठेना.

"काय झालं?" आबांनी खालून विचारलं.

"आबा, ह्याला किती पाट्या लागल्या असतील ओ?"

"उरलीया तेवढीलाच दीड लाख. मी हिशेब केलाय."

इंद्रजितनं खंदकाकडं पाहिलं. मग लखनला हात केला. जा म्हणून.

तो बसल्या बसल्याच घसरत खाली आला. पँट पांढरीफटक. आबा मात्र माती ठोकायची धुम्मस खांद्यावर टाकून वर निघाले. नवीन पडलेली माती न चोपता मोकळी ठेवणं त्यांना चालत नाही.